बंद पडलेला सबवूफर: दुरुस्ती की नवा? एका घरातला निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका वडिलांचं आणि त्यांच्या मुलीचं आहे. दोघांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कंपनी आणि मॉडेलचं नावही देत नाही, कारण अशीच रचना असलेले सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारे स्पीकर, अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षं विकले आहेत. मी ऑडिओ दुरुस्तीचं काम करतो. हा सबवूफर माझ्या टेबलावर आला तेव्हा दोन ठिकाणांहून त्याला नकार मिळालेला होता.

यंत्र नेहमीच्या धाटणीचं होतं. जाड फळ्यांचं जड खोकं, १२ इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग; त्याच्या हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याला कोन म्हणतात), हवा आत-बाहेर व्हायला पोर्ट आणि पाठीमागे धातूच्या पत्र्यावर बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर. या पत्र्यासकट अ‍ॅम्प्लिफायरला प्लेट अ‍ॅम्प म्हणतात. वय दहा वर्षांच्या पुढे, वॉरंटी केव्हाच संपलेली. वडील रोज संध्याकाळी त्यावर संगीत ऐकत. मुलीला त्याचा वापर सिनेमापुरता.

अडचण

सुरुवात घुमण्यानं झाली. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं खालच्या पट्टीतला 'हं' असा एकसुरी आवाज यायचा आणि यंत्र तापलं की विरून जायचा. तो जातो म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढे तो जास्त वेळ टिकायला लागला. मग सिनेमातल्या जोरदार प्रसंगात आतून 'टक' असा रिलेचा, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बटणाचा, आवाज होऊन सबवूफर मुका व्हायचा आणि थोड्या वेळानं आपोआप परत सुरू व्हायचा. शेवटी तो बहुतेक वेळा सुरूच होईना. दिवा मात्र मिणमिणत होता आणि फ्यूज शाबूत होता.

कंपनीच्या सेवा केंद्रानं सांगितलं की या मॉडेलचा बोर्ड (अ‍ॅम्प्लिफायरचे भाग बसवलेली पट्टी) आता बनत नाही. एका दुरुस्तीवाल्यानं यंत्र न उघडताच "बोर्ड गेलाय, नवा सेट घ्या" असं सांगून टाकलं. मुलीचं म्हणणंही तेच होतं. "बाबा, दहा वर्षं चालला. आता त्याच्यामागे पैसे घालण्यात अर्थ नाही." वडिलांचा जीव त्यात अडकलेला, पण भावनेपलीकडे त्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. दोघंही अंदाजावरच बोलत होते.

पहिला निर्णय: तपासणीवर खर्च करायचा का

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच असतो आणि बहुतेक घरांत तो घेतलाच जात नाही. लोक थेट 'दुरुस्ती की नवा' या प्रश्नावर उडी मारतात. पण सबवूफर म्हणजे एकत्र बांधलेल्या तीन वस्तू आहेत: खोकं, ड्रायव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर. तिघांचं आयुष्य सारखं नसतं. खोकं ओलीपासून जपलं तर पिढ्यान् पिढ्या टिकतं. ड्रायव्हरची रबराची कड बरीच वर्षं तग धरते, फोमची कड मात्र काही वर्षांनी भुसभुशीत होऊन फाटते. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात आधी थकतो, कारण तो बंद खोक्यात, उष्णतेत आणि सततच्या हादऱ्यांत राहतो आणि 'ऑटो' वर (सिग्नल आला की आपोआप जागं होण्याच्या सोयीवर) ठेवला तर झोपेतही अर्धा जागा असतो. तिघांपैकी नेमकं कोण गेलं हे कळल्याशिवाय दुरुस्ती महाग की स्वस्त, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून मी दोघांना सुचवलं की आधी फक्त तपासणी करू. तिचे पैसे वेगळे, आणि निदान कळल्यावर "नको" म्हणायची पूर्ण मोकळीक. मुलगी याला तयार झाली, कारण खर्च आधीच ठरलेला होता.

तपासणीत काय दिसलं

काही गोष्टी यंत्र न उघडता कळतात आणि त्या कुणीही घरी करून बघाव्यात. आधी सिग्नलची वायर काढली. घुमणं वायरबरोबर थांबलं तर दोष बहुधा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या फेऱ्याचा, म्हणजे ग्राउंड लूपचा असतो आणि सबवूफर निर्दोष सुटतो. अशा निर्दोष यंत्रांना लोकांनी भंगारात काढलेलं मी पाहिलं आहे. इथे वायर काढूनही आवाज होताच. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो तसाच राहिला. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे किंवा वीजपुरवठ्यात. त्यातून आवाजाची पट्टी १०० हर्ट्झची होती. ५० हर्ट्झच्या विजेचं डीसी करताना दोन्ही अर्धलहरी वापरल्या जातात, त्यामुळे उरलेली लहर दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झची येते. नुसत्या ५० हर्ट्झच्या घुमण्यात संशय अर्थिंगवर जातो. १०० हर्ट्झ असेल तर फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ती लहर सपाट करणाऱ्या भागावर. आणि तापल्यावर आवाज कमी होतो ही तर वाळत चाललेल्या कपॅसिटरची जुनी खूण.

मग ड्रायव्हर. तो खोक्यातून काढून वायरी सोडवल्या आणि मीटर लावला: ३.४ ओहम. ४ ओहमच्या ड्रायव्हरची डीसी मोजणी थोडी कमीच येते, त्यामुळे हा आकडा निरोगी. दोन्ही हातांची बोटं कोनावर समान अंतरावर ठेवून तो हळूच आत दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि कान जवळ नेला. व्हॉइस कॉइल (कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं) जळून फुगली किंवा वाकडी झाली असेल तर इथे वाळू घासल्यासारखी खरखर ऐकू येते. इथे काहीच नव्हतं. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवल्यावर कोन 'ठप्' करून पुढे आला. कड रबराची, मऊ, कुठेही चीर नाही.

त्या क्षणी प्रकरणाचा तोल फिरला. सबवूफरमध्ये सगळ्यात जास्त पैसा ड्रायव्हर आणि खोक्यात असतो आणि ते दोन्ही धडधाकट होते.

शेवटी प्लेट उघडली. इथे एक इशारा द्यायलाच हवा. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. या यंत्रात अधिक ४८ आणि उणे ४८ व्होल्ट होते, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ९६. स्विचिंग पुरवठ्याच्या यंत्रात २३० व्होल्टच्या विजेवर एका बाजूला सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसलेला असतो. तो झटका जीव घेऊ शकतो. कपॅसिटर योग्य रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) लावून रिकामे करायचे असतात. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नव्हे. ज्यांना याचा सराव नाही त्यांनी पत्रा उघडू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आत मोठे फिल्टर कपॅसिटर ठीक होते, आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट नव्हते. दोष एका कोपऱ्यात लपला होता. सिग्नल सुरुवातीला हाताळणाऱ्या आयसींना (छोट्या चिप्सना) अधिक-उणे १५ व्होल्ट लागतात. ते ४८ व्होल्टांतून एका रेझिस्टरमार्फत उतरवून झेनरनं, म्हणजे व्होल्ट ठरावीक पातळीवर धरणाऱ्या डायोडनं, स्थिर केले होते. हा रेझिस्टर ८२० ओहमचा, दोन वॅटचा. त्यावर ३३ व्होल्ट पडतात, म्हणजे सुमारे १.३ वॅट उष्णता. मर्यादेच्या आत, पण बोर्डाला चिकटून आणि दिवसरात्र. त्याच्याखाली बोर्ड कॉफीच्या रंगाचा झाला होता. मीटरवर तो हजार ओहमच्या वर गेलेला. शेजारचे दोन छोटे कपॅसिटर वाळलेले. भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळा डिंक उष्णतेनं काळपट तपकिरी होऊन पायांभोवती कडक झाला होता. हा डिंक असा जळला की वीज वाहू देतो आणि तारा कुरतडतो.

त्यामुळे सगळ्या लक्षणांचा मेळ बसला. रेझिस्टर वाढल्यानं १५ ऐवजी साडेअकरा व्होल्टच मिळत होते. जोरदार प्रसंगात मुख्य पुरवठा काही व्होल्टांनी खाली बसायचा, त्याबरोबर हा पुरवठा आणखी कोसळायचा आणि संरक्षणाचं सर्किट रिले सोडून द्यायचं. तोच तो 'टक'. कपॅसिटर वाळल्यानं उरलेली लहर थेट आवाजात शिरत होती. 'बोर्ड गेला' म्हणून ज्याला निकालात काढलं, त्या बोर्डावरचे तीन किरकोळ भाग गेले होते.

पर्याय

निदान हातात आल्यावर तिघं बसलो. मुलगी तयारीनं आली होती आणि तिचे प्रश्न रास्त होते.

नवा सबवूफर घेण्याच्या बाजूनं वॉरंटी होती, आकार लहान होता, खोलीप्रमाणे आवाज जुळवायची सोय होती. घरात जागा कमी असेल किंवा जुना कधी आवडलाच नसेल तर मीही नवाच सुचवला असता. अडचण एवढीच की तिच्या मनातलं मॉडेल ८ इंची होतं. खालचा सूर म्हणजे हवा ढकलणं. १२ इंची कोनाचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या दुपटीहून जास्त असतं आणि सूर एक सप्तक खाली गेला की तितकाच मोठा आवाज काढायला कोनाला चौपट पुढे-मागे जावं लागतं. तरी नुसत्या हिशोबावर ठरवू नये, म्हणून त्यांनी ओळखीच्यांकडून एक ८ इंची सबवूफर संध्याकाळपुरता मागून आणला. ५० हर्ट्झपर्यंत तो छान वाजला. ३० हर्ट्झचा शुद्ध सूर लावला तेव्हा पोर्टमधून फुसफुस आणि वरचे उपसूर तेवढे ऐकू आले. मुलीनं स्वतःच सांगितलं, "हा सिनेमाला चालेल, पण बाबांना नाही चालणार." जुन्याच्या तोडीचा नवा घ्यायचा तर किंमत पुष्कळ वर जात होती. तुलना त्याच्याशी व्हायला हवी, आणि बहुतेक घरांत ती सगळ्यात स्वस्त नव्या वस्तूशी होते.

दुसरा पर्याय बाजारात तयार मिळणारा प्लेट अ‍ॅम्प. वडिलांना हा फार आवडला होता; जुना पत्रा काढा, नवा बसवा. मी त्याला विरोध केला आणि आजही करतो. पत्र्याचं माप जुळवणं सोपं असतं, पण मूळ बोर्ड त्या खोक्यासाठी घडवलेला असतो. पोर्टवाल्या खोक्यात ठरावीक सुराच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन बेलगाम हलायला लागतो. मूळ बोर्डावर तिथे खालचे सूर कापणारा फिल्टर आणि आवाज आवरणारा लिमिटर असतो. तयार प्लेट अ‍ॅम्पमध्ये तो फिल्टर नसेल किंवा दुसऱ्याच सुरावर असेल तर धडधाकट ड्रायव्हर एका जोरदार रात्रीत आपटून फाटू शकतो. ज्याच्यामुळे दुरुस्ती परवडत होती तोच भाग पणाला लावायचा, हे मला पटलं नाही. ज्यांना मोजमाप करून फिल्टर जुळवता येतो त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे.

बाहेरचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा हाही मार्ग होता, पण त्याला जागा, क्रॉसओव्हर (खालचे सूर वेगळे करणारं सर्किट) आणि पुन्हा तोच फिल्टर लागतो. तो दोन मिनिटांत बाद झाला.

उरली भागांची दुरुस्ती. भाग सहज मिळणारे, मेहनत बेताची. धोका असा की दहा वर्षांच्या बोर्डावर आज हे बदललं तरी उद्या दुसरं काही जाऊ शकतं.

दुसरा निर्णय: मर्यादा

दुरुस्ती ठरली, पण दोन अटींवर, आणि त्या अटी मुलीच्या. एकूण खर्च तोडीच्या नव्या सबवूफरच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला पाहिजे. आणि हाच दोष पुन्हा आला तर यंत्र परत उघडायचं नाही. एक तृतीयांश हा कुठल्या शास्त्राचा नियम नाही. पण काम सुरू होण्याआधी आकडा ठरलेला असला की "आता इतके घातले, थोडे आणखी घालू" हा मोह आवरतो. दुरुस्तीत माणसं मोठ्या रकमेनं बुडत नाहीत, या 'थोडे आणखी' नं बुडतात.

काम

आधी जळलेला डिंक खरवडून काढला. यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण खालच्या तारा तुटू द्यायच्या नव्हत्या. रेझिस्टर तोच ८२० ओहमचा, पण पाच वॅटचा आणि बोर्डापासून बोटभर उंच उचलून लावला, म्हणजे खालून हवा खेळते. उणे बाजूचा रेझिस्टर मोजणीत ठीक होता, तरी त्याच उष्णतेत राहिलेला म्हणून बदलला. दोन्ही झेनर बदलले.

कपॅसिटर निवडताना किमतीचा फरक किरकोळ असतो आणि आयुष्याचा प्रचंड. जुने ८५ अंशांवर २,००० तासांचे होते. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, या ढोबळ नियमानं ६५ अंशांच्या कोपऱ्यात त्यांचे होतात ८,००० तास. १०५ अंशांवर ५,००० तासांचे घेतले तर त्याच कोपऱ्यात ८०,०००. तास संपले म्हणजे भाग लगेच मरतो असं नाही, त्याचे गुण ठरलेल्या मर्यादेबाहेर जातात. तरी दहापट फरक डोळ्यांत भरतो. सोल्डरचे सांधे भिंगाखाली पाहिले. ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीजवळ दोन ठिकाणी हादऱ्यांनी गोल चिरा पडल्या होत्या, त्या पुन्हा सोल्डर केल्या.

पहिल्यांदा वीज सिरीज बोर्डावरून, मध्ये बल्ब ठेवून दिली. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला. पुरवठा दोन्ही बाजूंना १५ च्या आसपास. घुमणं गेलं.

तिसरा निर्णय: कुठे थांबायचं

खोकं जोडल्यावर वडील म्हणाले, "ऑटो-ऑन मात्र अजून कधीकधी झोपेतून उठत नाही. ते तर दोनेक वर्षांपासूनच आहे." हा वेगळा दोष होता. हळू आवाज ओळखून यंत्र जागं करणारं सर्किट आळसावलं होतं. ते शोधत बसायचं तर मेहनत वाढणार आणि मर्यादा ओलांडायची शक्यता होती.

मी तिथे थांबायचं सुचवलं. ऑटो सोडून यंत्र कायम 'ऑन' वर ठेवायचं आणि वीज सॉकेटच्या बटणावरून द्यायची. यानं सोय थोडी जाते, पण ऐकत नसताना तो गरम कोपरा थंड राहतो. दिवसाचे चोवीस तास तापण्याऐवजी तीन-चार तास. ज्या कारणानं बोर्ड थकला तेच कारण यामुळे दूर झालं. क्रम एवढाच पाळायचा: आधी रिसीव्हर (ज्यातून सबवूफरला सिग्नल येतो ते यंत्र) चालू, मग सबवूफर, बंद करताना आधी सबवूफर. नाहीतर प्रत्येक वेळी कोनाला धक्का बसून 'धप्प' आवाज येतो.

निकाल

खर्च मर्यादेच्या बराच आत राहिला. काही महिन्यांनी पुरवठा पुन्हा मोजला तेव्हा तो स्थिर होता, घुमणं परतलं नव्हतं आणि रिले मोठ्या आवाजातही सुटत नव्हता. मुलीनं वाचलेल्या पैशांत नवे पुढचे स्पीकर घ्यायचं ठरवलं, जे त्या घराला खरोखर हवे होते.

मुख्य फिल्टर कपॅसिटर मूळचेच आहेत, त्यांचंही वय झालं आहे, आणि हे दोघांना लेखी दिलं आहे. या दुरुस्तीनं काही वर्षं मिळवली, यंत्र नवं झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घुमणं सुरू झालं तेव्हाच यंत्र दाखवलं असतं तर बहुधा दोन कपॅसिटरांवर भागलं असतं. आवाज आपोआप जातो म्हणजे दोष बरा झाला, ही समजूत महागात पडते. त्याहून जास्त मला खटकतं ते पुढचं: रिले सुटत असताना ते तसंच महिनोन्‌महिने वाजवत राहिले. संरक्षणाचं सर्किट वारंवार तोडत असेल तर प्लग काढून ठेवावा. दोष आउटपुटकडे सरकला असता आणि डीसी ड्रायव्हरवर गेला असता तर व्हॉइस कॉइल जळाली असती आणि या लेखातला सगळा हिशोब उलटा झाला असता.

न उघडता दिलेलं "बोर्ड गेला" हे निदान म्हणून स्वीकारायला नको होतं. नेमका कोणता भाग गेला, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. आणि ऑटो-ऑनची तक्रार पहिल्याच दिवशी यादीत आली असती तर कामाचा अंदाज अधिक नेमका देता आला असता. यंत्र देताना जुन्या, सवयीच्या झालेल्या तक्रारीही सांगाव्यात.

व्हॉइस कॉइल घासत असती किंवा जळालेली असती, बोर्डावर बाजारात न मिळणारी, कंपनीनंच लिहिलेल्या प्रोग्रॅमची डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी) चिप गेली असती, किंवा ओलीनं खोकं फुगलं असतं, तर मी मुलीच्या बाजूनं उभा राहिलो असतो. फोमची कड फाटणं मात्र या यादीत नाही. नवी कड चिकटवता येते.

पुढच्या वेळचंही आत्ताच ठरवून ठेवलं आहे. मुख्य कपॅसिटर थकले तर तेवढे बदलायचे. आउटपुटची बाजू गेली तर या बोर्डावर आणखी खर्च नाही. ड्रायव्हर आणि खोकं तेव्हाही धड असतील, तर ते टाकून न देता मोजमाप करून फिल्टर जुळवणाऱ्या जाणकाराच्या हाती द्यायचे, यावर आता दोघांचं एकमत आहे.